टाकीआडचा डबा

“दिसतोय!” रिसबूड मास्तर एवढ्या जोरात ओरडले की माई लाटणं हातात घेऊनच स्वयंपाकघरातून धावत आल्या. “अगं, दिसतोय बघ! शेवटचा डबा! दिव्यासकट दिसतोय!”

फोटो अजून पुरता वाळला नव्हता. मी आपली म्हणतेय, कडेला धरा, बोटं उमटतील. पण ऐकतंय कोण! मानेला पांढरा पट्टा बांधलेला तो सत्तरीचा माणूस फोटो घेऊन खिडकीशी गेला, परत आला, पुन्हा खिडकीशी गेला. मग खुर्चीत बसला आणि रडायलाच लागला.

मला तर आकाश ठेंगणं झालं होतं. माझ्या फोटोवर असं कुणी रडलं नव्हतं. लग्नातले फोटो बघून रडलेल्या दोघीतिघी होत्या, पण त्या वेगळ्या कारणाने.

फोटो होताच तसा. पहाटेचं धुकं, दवाने चकाकणारे रूळ, मध्ये पाण्याची उंच टाकी आणि तिच्या उजव्या बाजूला, बाजूच्या लाईनीवर उभ्या मालगाडीचा शेवटचा डबा. त्यावर मिणमिणता दिवा. कुणीही शपथेवर सांगितलं असतं की हे वीस वर्षांपूर्वीचं खरंखुरं स्टेशन आहे. होती मात्र प्लायवूडची फळी. अकरा फूट बाय चार फूट, मास्तरांच्या मागच्या खोलीत, दोन टेबलांवर ठेवलेली. धुकं म्हणजे तीन उदबत्त्या आणि थोडा धूप.

ही १९९८ सालची गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि वडिलांच्या, अण्णांच्या मागे ‘अलंकार फोटो स्टुडिओ’ एकटीने चालवत होते. सगळं गाव रंगीत झालं होतं. महिन्याभरापूर्वी मास्तर दुकानात आले आणि दारातूनच म्हणाले, “काळेपांढरे फोटो काढणारं कुणी शिल्लक आहे का या गावात?”

“मी आहे,” मी म्हटलं. “पण लोक हसतात.”

“मला हसू येत नाही. उद्या घरी ये.”

गेले, तर हे स्टेशन. ढोकरी. आमच्या भागात पूर्वी छोटी गाडी चालायची, त्या लाईनीवरचं. लाईन बंद झाली, रूळ उखडले, इमारतीचे दगडसुद्धा लोकांनी गोठ्यांना लावले. मास्तर तिथे सहा वर्षं स्टेशन मास्तर होते. त्यांनी स्टेशन पुन्हा उभं केलं होतं, एका फुटाला पाव इंच या मापाने, जुना नकाशा समोर ठेवून. सात वर्षं लागली होती. दोन फोटोवाल्यांनी आधी फ्लॅश मारून रंगीत फोटो काढून दिले होते, त्यात ते स्टेशन वाढदिवसाच्या केकसारखं दिसत होतं.

“तुला हवे तेवढे फोटो काढ,” मास्तर म्हणाले. “मला हवाय एकच. या केबिनच्या खिडकीतून. आत उभ्या असलेल्या माणसाला दिसेल तसा.”

केबिन म्हणजे सिग्नल पाडून गाडीला वाट मोकळी करून देणारा माणूस जिथे उभा असतो ती उंचावरची खोली. फळीवर ती काडेपेट्यांच्या चळतीएवढी. तिच्यात कॅमेरा कसा घुसवणार? मी हट्टी. आई म्हणायची, हिला नाही म्हटलं की हिच्या अंगात येतं. केबिन उचलून बाजूला ठेवली, तिच्या जागी कॅमेरा बसवला, भिंग काढून तिथे सुईने भोक पाडलेला पत्रा लावला. बारीक भोकातून जवळचा रूळ आणि पार टोकाचा डबा सारखेच स्पष्ट येतात. उजेड मात्र इतका कमी जातो की एका फोटोला चौदा मिनिटं लागतात. त्या चौदा मिनिटांत घरात कुणी चालायचं नाही, कारण फळी हलते. माई दाण्याचं कूट करायला बसल्या तर मास्तर ओठांवर बोट ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे.

हे सगळं करून तो फोटो आला होता, आणि आता मास्तर उपरण्याने डोळे पुसत होते.

“तुला सांगितलं नव्हतं,” ते म्हणाले. “फोटो येण्याआधी सांगायचं नव्हतं. बस.”

मी बसले.

“एकोणऐंशीचा डिसेंबर. सकाळची वेळ. मालगाडी बाजूच्या लाईनीवर घेतली होती, पण तिचा शेवटचा डबा पुरता आत आला नव्हता. अर्धा मेन लाईनीवरच राहिला. केबिनमध्ये निवृत्ती ढवारे होता. त्याने पॅसेंजरला सिग्नल पाडला. पॅसेंजर त्या डब्याला घासत गेली. सात जणांना लागलं, एका बाईचा पाय गेला. चौकशीत निवृत्ती म्हणाला, टाकी आडवी येते, मला माझ्या खिडकीतून तो डबा दिसतच नव्हता. मालगाडीच्या गार्डाने डबा आत आल्याचा हात दाखवला म्हणून मी सिग्नल पाडला. गार्ड म्हणाला, मी हात दाखवलाच नाही. मग साहेबांनी मला विचारलं, ‘मास्तर, केबिनमधून शेवटचा डबा दिसतो का?’”

“तुम्ही काय म्हणालात?”

“दिसतो. स्पष्ट दिसतो, म्हणालो. साहेबांना परतीची गाडी धरायची होती. त्यांनी लिहून घेतलं. निवृत्तीची नोकरी गेली.” मास्तरांनी फोटो छातीशी धरला. “एकोणीस वर्षं माझ्या मनात किडा वळवळतोय, की मी खोटं तर नाही ना बोललो? एका माणसाचं वाटोळं तर नाही ना केलं? माझी मान वाकत नाही, डोळ्यांत मोतीबिंदू. स्वतः बघू शकत नाही. आणि बघितलं असतं तरी मला हवं तेच दिसलं असतं. म्हटलं, कॅमेऱ्याला विचारू. कॅमेऱ्याला कुणाची बाजू घ्यायची नसते. हे बघ, त्याने सांगितलं! मी खरंच बोललो होतो!”

मी फोटोवरून नजर काढली.

कारण ती टाकी मी सरकवली होती.

कॅमेरा लावण्याआधी मी गाल फळीला टेकवून एका डोळ्याने बघितलं होतं. मधोमध टाकी काळीकभिन्न उभी, आणि तिच्यामागे तो गोड डबा, मास्तरांनी एवढासा दिवा लावलेला, साफ झाकला जात होता. अण्णांनी मला शिकवलं होतं, चौकटीत खुपणारी वस्तू असेल तर सरळ सरकवायची. नवरीच्या डोक्यामागचं कॅलेंडर आपण काढतोच की! मास्तर चहा सांगायला आत गेले होते. टाकी चार टाचण्यांवर उभी होती. उपटली, दोन बोटं डावीकडे रोवली. फोटो झाल्यावर पुन्हा होती तिथे ठेवली. कुणाला सांगण्यासारखं त्यात काही आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

माई गोडाचं करायला आत वळल्या. “थांब गं, शिरा खाऊन जा,” म्हणाल्या.

“नको, उशीर झालाय,” असं काहीतरी पुटपुटून मी उठले. चपला घातल्या, फाटकापर्यंत गेले. फाटकाची कडी हातात घेतली आणि स्वतःला म्हटलं, हेमा फुलारी, कुणाचं काय बिघडतंय? म्हातारा सुखाने झोपेल. मग तो दुसरा माणूस डोळ्यांपुढे आला, ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं. कडी सोडली आणि परत आत गेले.

“मास्तर, मी टाकी सरकवली होती.”

“कुठली टाकी?”

“ही. डबा दिसत नव्हता म्हणून. दोन बोटं डावीकडे.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग जे काही पेटले! “दोन बोटं? दोन बोटं म्हणजे सहा फूट! तुला कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला? मी सात वर्षं सुतासुताने मापं घेतली, आणि तू टाकी उपटलीस? हे काय लग्नातलं स्टेज वाटलं तुला?”

“तुम्ही आधी सांगितलं असतं तर हात लावला नसता!” मीही काही कमी नव्हते. “फोटो चांगला यावा म्हणून केलं. खुळ्यासारखं केलं, पण चोरून नाही केलं. आता सांगतेय ना? न सांगता जाऊ शकत होते!”

“मग जायचं होतंस!”

हे बोलल्यावर त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं असावं.

“उद्या पुन्हा काढते,” मी म्हटलं.

“काही नको.” त्यांनी फोटो उलटा करून मांडीवर ठेवला. “मला हा पुरे आहे. आणि तू गाल टेकवून बघितलंस म्हणजे काय पुरावा झाला? उंची मोजली होतीस? फळीवर इंचभर वरखाली म्हणजे तिथे चार फूट. तुझा डोळा खाली असेल. निवृत्तीला दिसतही असेल.”

“असेल. म्हणूनच मोजून काढू.”

“नको म्हणतोय ना!”

“काढ गं तू.” माई दारात उभ्या होत्या. आवाज चढवला नव्हता. “एकोणीस वर्षं हे झोपत नाहीत. हे झोपत नाहीत म्हणून मीही झोपत नाही. आता नवं काय होणार आहे? तू काढ.”

मास्तर बायकोकडे बघत राहिले. मग उठले आणि कपाटातून पितळी मोजपट्टी काढून माझ्या हातात दिली. “निवृत्तीची उंची पाच फूट चार इंच,” म्हणाले. “केबिनची जमीन रुळापासून चौदा फूट.”

त्यानंतर नऊ दिवस मी त्या खोलीत होते. दुकानाला दुपारचं कुलूप. एक लग्न सोडलं, त्यावरून आईने तीन दिवस अबोला धरला. मला म्हाताऱ्याला एकही सबब ठेवायची नव्हती आणि त्या ढवाऱ्यालाही नाही. म्हणून एक नाही, तीन फोटो ठरवले. एक खिडकीच्या मधोमध सरळ उभं राहून. एक उजव्या कोपऱ्यातून. एक कमरेपासून बाहेर वाकून, पडता पडता वाचेल इतकं वाकून. तिन्ही ठिकाणी भोकाची उंची मी मोजायची, मग मास्तर मोजायचे, मग मोतीबिंदूवर भरवसा नाही म्हणून माई मोजायच्या. टाकीला हात लावायचा नाही. मी तिच्या पायांभोवती खडूने रेघ मारून ठेवली होती.

आणि काय सांगू, एक धड होईल तर शपथ! पहिल्या दिवशी तेराव्या मिनिटाला वीज गेली. दुसऱ्या दिवशी धूप जास्त झाला, सगळं स्टेशन ढगात गेलं आणि माईंना खोकल्याची उबळ आली. तिसऱ्या दिवशी सगळं छान झालं, तर कॅमेऱ्याच्या कडेने उजेड शिरला होता; फिल्म धुतली तर काळी. मी अंधाऱ्या खोलीत बसून रडले, मग तोंड धुऊन परत गेले. मास्तर म्हणाले, “राहू दे आता, पोरी. देवाच्या मनात नाही.”

“देवाला मध्ये आणू नका. कॅमेऱ्याला चिकटपट्टी कमी पडली होती.”

नवव्या दिवशी तिन्ही फोटो झाले. चुका न करता, सलग. मी ते स्टुडिओत धुतले, पण एकटीने बघायचे नाहीत असं ठरवलं होतं. ट्रेमधल्या पाण्यात एकेक कागद काळा होत गेला तेव्हा बघितल्याशिवाय राहवलं नाही, ते सोडा.

दुपारी मास्तरांच्या टेबलावर तिन्ही ओळीने मांडले. धुकं होतं, रूळ चकाकत होते. पहिल्या फोटोपेक्षा हे सरस आले होते, आणि तिन्हींत मधोमध टाकी होती. डबा नव्हता. दिव्याचा ठिपकासुद्धा नव्हता. बाहेर वाकलेल्या फोटोत टाकीचा आणखी एक पाय तेवढा दिसत होता.

मास्तरांनी भिंग लावून एकेक फोटो बघितला. “तिन्ही?” त्यांनी विचारलं.

“तिन्ही.”

माई पदराचं टोक पिळत उभ्या होत्या. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. मी पाणी आणायलाही वळले होते.

“साडेतीनची एसटी आहे,” मास्तर म्हणाले. “निवृत्ती पाच वाजता गिरणी बंद करतो. पोहोचू आपण.”

म्हणजे तो कुठे असतो हे त्यांना ठाऊक होतं. एकोणीस वर्षं ठाऊक होतं.

ढवाऱ्यांची पिठाची गिरणी वीस किलोमीटरवरच्या एका गावात, चावडीच्या मागे होती. स्वतःची नव्हे, ते तिथे दळायला होते. आम्ही पोहोचलो तेव्हा पट्टा फिरत होता आणि भुवयांपासून पायापर्यंत पांढरा झालेला एक ठेंगणा, काटक म्हातारा ज्वारी ओतत होता. त्याने मास्तरांना बघितलं. दळण संपेपर्यंत हात थांबवला नाही. मग बटण दाबून गिरणी बंद केली.

“या मास्तर,” तो म्हणाला. “मान कशानं धरली?”

“वयानं. निवृत्ती, ही हेमा. फोटो काढते.”

“बसा, ताई.” ढवाऱ्यांनी पोतं झटकून माझ्यापुढे टाकलं.

मास्तर बसले नाहीत. पिशवीतून मधल्या खिडकीचा फोटो काढून त्यांनी पुढे केला. ढवाऱ्यांनी हात धोतराला पुसले, फोटो घेतला, लांब धरला. बघता बघता त्यांचा चेहरा बदलला.

“ही माझी खिडकी हाय,” ते म्हणाले. “ही कुठनं आणली? कवाच मोडली की ती.”

मास्तरांनी सांगितलं. फळी, माप, सात वर्षं, सुईचं भोक. मी केलेला घोळही सांगितला, मला पाठीशी न घालता. शेवटी म्हणाले, “दिसत नव्हतं, निवृत्ती. तू खरं बोलला होतास. मी साहेबांना दिसतो म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. तुझं वाटोळं मी केलं.”

ढवारे फोटोवरची नजर काढेनात. “सात वर्सं,” म्हणाले. “एवढं बारीक काम. कौलं बी येगळी येगळी लावलीसा.” मग त्यांनी वर बघितलं. “मास्तर, केबिनला सतरा पायऱ्या व्हत्या.”

मास्तर पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिले.

“साहेब आला त्या दिशी म्या तुमाला म्हनलं व्हतं. एकडाव वर या, तुमच्या डोळ्यानं बघा. मग काय सांगायचं ते सांगा. सतरा पायऱ्या. तवा तुमची मान धड व्हती.”

गिरणीच्या दारात दळणाचे डबे घेऊन दोन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“वर आलो असतो,” मास्तर हळूच म्हणाले, “तर कळलं असतं.”

“व्हय,” ढवारे म्हणाले.

मला वाटलं होतं, ते ओरडतील. निदान शिवी तरी देतील. मी असते तर दिली असती. ते नुसतेच मान हलवत राहिले. मग म्हणाले, “माझी नातवंडं हितल्या शाळंत हायती. पोरं चिडिवत्यात. तुज्या आज्यानं बाईचा पाय खाल्ला म्हनत्यात. माझा ल्योक तर त्यापायी गाव सोडून गेला.” त्यांनी फोटो उलटा केला, त्याची पांढरी पाठ मास्तरांपुढे धरली. “आत्ता बोललासा ते ह्यावर लिवून द्या.”

मास्तरांनी माझ्याकडे हात केला. मी पर्समधून बॉलपेन काढून दिलं. फोटोच्या पाठीवर बॉलपेन दाबून कधी लिहायचं नसतं, पुढे वण उठतात. हे मी गिऱ्हाइकांना रोज ओरडून सांगते. त्या दिवशी तोंड बंद ठेवलं.

गिरणीच्या पेटीवर फोटो ठेवून, मान वाकत नाही म्हणून गुडघ्यांवर बसून मास्तरांनी लिहिलं. केबिनच्या खिडकीतून शेवटचा डबा दिसत नव्हता. निवृत्ती ढवारे याने खरे सांगितले होते. मी चौकशीत खोटे सांगितले. खाली सही केली, चिंतामण रिसबूड, स्टेशन मास्तर, ढोकरी.

ढवाऱ्यांनी ते बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं. दारातल्या बायकांपैकी एकीला म्हणाले, “सुमन, तू वाच मोठ्यानं.” तिने वाचलं. वाचून झाल्यावर तिने पदर तोंडाला लावला.

“तारीख ऱ्हायली,” ढवारे म्हणाले.

“हो की.” मास्तरांनी पेन पुन्हा टेकवलं. “अपघाताच्या दिवशीची घालतो. म्हणजे कशाबद्दल आहे ते कळेल.”

“नगं. आजची घाला.” ढवाऱ्यांनी फोटोवर बोट ठेवलं. “तवाची घातलीसा, तर पोरांना वाटंल तुमी तवाच सांगितलं व्हतं.”

मास्तरांनी पेन कागदावरून उचललं. मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “हेमा, आज तारीख काय?”

मी सांगितली. त्यांनी लिहिली.